जळते, पण कळत नाही

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट होती. आमच्या घरी अभ्यंगस्नानाचा थाट अजून जुनाच आहे. भोवती रांगोळी, वाटीत कोमट केलेले तेल, ताटलीत उटणे, दाराशी पणती. आईची पंचाहत्तरी उलटून गेली, तिला खाली पाटावर बसवत नाही. म्हणून तिला स्टुलावर बसवून आमच्या सौभाग्यवती तिच्या पायांना तेल चोळीत होत्या. एकाएकी त्या "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. मी धावत गेलो. आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक बारीकसा ठिपका चमकत होता. ते टाचणीचे डोके होते. टाचणी सबंध आत गेलेली होती.

टाचणी आली कुठून, याचा तपास लागायला वेळ लागला नाही. दोन दिवसांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी आकाशकंदील केला होता आणि त्याच्या झिरमिळ्या टाचण्यांनी अडकवल्या होत्या. डबी सांडली, त्याने टाचण्या वेचल्या, एक राहिली. त्यानंतर आई ओट्यापाशी उभी राहून सोऱ्याने चकल्या पाडीत होती, देवळात जाऊन आली होती, शेजारी फराळाचे ताट देऊन आली होती. म्हणजे दोन दिवस ती त्या टाचणीवर चालत होती.

"आई, दुखलं नाही तुम्हाला?" सौभाग्यवतींनी विचारले.

"छे गं! देवाची कृपा. मुळीच नाही दुखलं."

आईला मधुमेह आहे, त्याला आता अठरा वर्षे झाली. गेली तीन-चार वर्षे ती मधून मधून म्हणे, "अरे, पाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात." मी मराठीचा प्राध्यापक. "आई, उपमा फार छान आहे," असे म्हणून मी पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातल्याचे मला चांगले आठवते. ती उपमा नव्हती. तिच्या पायांच्या मज्जातंतूंनी बातमी देणे बंद केले होते आणि ती ते आपल्या परीने सांगत होती.

भाऊबीजेला पाय सुजला. तुळशीच्या लग्नाच्या आत अंगठा काढून टाकावा लागला. पट्टी बांधताना डॉक्टर आईला म्हणाले, "आजी, दुखलं असतं ना, तर बोट वाचलं असतं." दुखले असते तर बरे झाले असते, हे वाक्य मी जन्मात प्रथमच ऐकत होतो. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठले तेव्हा ते म्हणाले, "म्हातारपणी मधुमेहाने असे होणारे पुष्कळ आहेत. पण काही मुलं जन्मालाच अशी येतात. डोक्यापासून पायापर्यंत, कुठंच काही दुखत नाही. लाखात एकसुद्धा नसेल, पण असतात."

ती मुले माझ्या डोक्यातून जाईनात. मी शास्त्राचा माणूस नव्हे. पण कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे एक स्नेही आहेत, त्यांच्या मागे लागून वर्षभर जे मिळेल ते वाचले, समजले नाही ते त्यांच्याकडून समजावून घेतले. त्यातले थोडे येथे सांगतो.

वैद्यकाच्या पुस्तकात असला पहिला माणूस दाखल झाला तो १९३२ साली, आणि योगायोग असा की त्याची प्रसिद्धी टाचण्यांवरच होती. डिअरबॉर्न नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी त्याची हकिकत लिहिली. हा गृहस्थ तेव्हा ५४ वर्षांचा होता. तरुणपणी तो नाटकगृहांतून 'टाचण्यांची मानवी उशी' म्हणून खेळ करी. रंगमंचावर येऊन तो प्रेक्षकांपैकी कुणाला तरी बोलावी आणि आपल्या अंगात पन्नास-शंभर टाचण्या डोक्यापर्यंत टोचायला सांगे. मग सावकाश एकेक उपटून काढी. पुढे त्याने याहून मोठा खेळ योजला. क्रूसावर हातापायांत खिळे ठोकून घ्यायचे! पहिला खिळा तळहातातून गेला मात्र, प्रेक्षकांत एक बाई घेरी येऊन पडली, आणि खेळ तिथेच थांबवावा लागला. ज्याच्या हातात खिळा गेला त्याला काही झाले नाही. पाहणारीला सोसले नाही.

नंतर पाऊणशे वर्षांनी, उत्तर पाकिस्तानात, हाच खेळ एक दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर करीत होता. तो दंडातून सुऱ्या आरपार घालून दाखवी, निखाऱ्यांवर चाले. खेळ झाला की दवाखान्यात जाऊन जखमा शिवून घेई, म्हणून तिथल्या डॉक्टरांना तो ठाऊक झाला. केंब्रिजचे जेफ्री वुड्स आणि त्यांचे सहकारी या मुलाचा अभ्यास करणार होते. पण त्यांनी त्याला पाहण्यापूर्वीच, त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, त्याने एका घराच्या छपरावरून उडी मारली आणि त्यात तो गेला. चौदा वर्षांच्या मुलाला उंचीची भीती असते, ती कशाने असते? लहानपणी ओट्यावरून पडून गुडघा फुटलेला असतो म्हणून. याचा गुडघा फुटलाही असेल, पण त्याला त्याने काही सांगितलेले नव्हते.

त्याच्याच नात्यागोत्यातल्या तीन कुटुंबांतली सहा मुले मग संशोधकांनी तपासली. चार ते चौदा वर्षांची. बुद्धीने चांगली, हसरी, धडधाकट. स्पर्श कळे, गरम-गार कळे, गुदगुल्या होत. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, हे डोळे मिटून सांगत. फक्त दुखणे तेवढे कधीच नाही. आता या सुखी मुलांच्या अंगाकडे पाहा. सहाही जणांचे ओठ किंवा जिभा फाटलेल्या, कारण दात आल्यावर त्यांनी त्या स्वतःच चावल्या होत्या. दोघांच्या जिभेचा पुढचा तिसरा हिस्सा नव्हता. बहुतेकांची हाडे मोडून, कुणाच्या लक्षात न येता, वेडीवाकडी जुळलेली. काहींच्या हाडांत पू झालेला.

या हकिकतीत एक बारीक तपशील आहे, तो मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त लागला. त्यांतल्या मोठ्या मुलांना कशाने दुखते हे पाठ झाले होते. फुटबॉल खेळताना कुणी धडक दिली की ती दुखल्याचे सोंग करीत. चारचौघांत विचित्र दिसू नये म्हणून! माझ्या वर्गात अशी मुले पुष्कळ असतात, करुणरसाची व्याख्या बिनचूक लिहिणारी. पण ती निदान घरी जाऊन कधीतरी रडलेली असतात.

अंगाला न लागणारे हे दुखणे दिवसभरात किती कामे करीत असते, ते मला एका कॅनेडियन मुलीच्या हकिकतीवरून समजले. वैद्यकाच्या ग्रंथांत तिचे नाव नुसते 'मिस सी.' असे आहे. ती माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकत होती. वडील स्वतः डॉक्टर. लहानपणी जेवता जेवता तिने जिभेचा शेंडा चावून टाकला होता. एकदा ती खिडकीतून बाहेरची गंमत पाहत बसली होती. थंड मुलखात खिडकीखाली खोली तापवण्याचे लोखंडी नळकांडे असते. त्यावर ती गुडघे टेकून बसली आणि खाली कातडे भाजत गेले. तिच्यावर प्रयोग झाले. विजेचे झटके दिले, कढत पाणी, बर्फाचे पाणी. तिच्या नाडीचा ठोकासुद्धा चुकला नाही. आपण कधी शिंकलो किंवा खोकलो असे तिला आठवत नव्हते.

पण तिचा घात झाला तो भाजण्याने किंवा कापण्याने नव्हे. तिचे सांधे गेले. वाचकांनी एक करून पाहावे: पाच मिनिटे नुसते उभे राहावे आणि आपल्या पायांकडे लक्ष द्यावे. आपण एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकीत असतो. आपल्याला कळतही नाही. खुर्चीत बसल्या बसल्या चुळबुळ करतो, झोपेत कूस बदलतो. वर्गात मुले चुळबुळ करतात तेव्हा मी दम देतो. यापुढे देणार नाही. सांध्यातून अगदी हलकी, दुखण्याच्या अलीकडची कुरकूर येत असते आणि शरीर ती ऐकून वागत असते. मिस सी. ला ती कुरकूर कधी ऐकू आली नाही. ती तासन् तास एकाच अंगावर उभी राही, एकाच कुशीवर निजे. गुडघे, खुबा, पाठीचा कणा यांची झीज होत गेली, त्यांत जंतू शिरले, आणि अखेरीस त्या जंतुदोषाने ती गेली, तेव्हा अवघी २९ वर्षांची होती.

आता हे होते कशाने? आमच्या स्नेह्यांनी मला समजावले ते असे. बोटाला टाचणी लागली की बोट काही मेंदूला हाक मारीत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी विजेची एक बारीक ठिणगी पडते, ती तंतूवरून धावत पाठीच्या कण्यात जाते आणि तिथून वर मेंदूत. ही ठिणगी पडायची तर तंतूच्या आवरणातली अतिसूक्ष्म दारे उघडून सोडियमचे कण आत यावे लागतात. दारे अनेक जातींची आहेत. त्यांतल्या एका जातीला शास्त्रज्ञ 'एनएव्ही १.७' म्हणतात. हे दार फार हळवे आहे; इवलासा धक्का लागला तरी उघडते आणि धक्का मोठा करून पुढे पाठवते. त्या सहा मुलांत हेच दार तयार होत नव्हते, कारण ते कसे घडवायचे याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्या दुसऱ्या गुणसूत्रावरच्या 'एससीएन९ए' नावाच्या जनुकात चूक होती. २००६ च्या डिसेंबरात 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. स्पर्शाची, हालचालीची तार निराळी असल्याने ती शाबूत. दुखण्याच्या तारेवर मात्र ठिणगीच पडत नाही.

गंमत म्हणजे याच जनुकातली उलटी चूक दोन वर्षे आधी चिनी संशोधकांना सापडली होती. तिच्यात हे दार लवकर मिटत नाही. मग माणसाला साध्या उबेने, पायमोज्यांनी, तळपायांत निखारे ठेवल्यासारखी आग होते. बिचारे बर्फाच्या पाण्यात पाय सोडून बसतात. एकाच पानावर एका अक्षराची चूक झाली की नरक, दुसऱ्या अक्षराची झाली की हे असे कोरडे स्वर्गसुख.

आणखी एक. नाकातला वासाचा तंतूही याच दारावर अवलंबून आहे. २०११ साली असे सिद्ध झाले की या लोकांना वासच येत नाही. संत्रे, पुदिना, कॉफी, काही नाही. म्हणजे भाजताना दुखत नाही ते नाहीच, वर कातडे जळल्याचा वासही येत नाही. आपल्याकडे म्हण आहे, 'ज्याचे जळते त्याला कळते.' ही म्हण करणाऱ्याच्या स्वप्नातही अशी माणसे आली नसतील.

हे आनुवंशिक आहे म्हटल्यावर घरोघरच्या आया मनात चरकतील, म्हणून एवढे सांगून ठेवतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत चांगली असली तरी काम भागते. तो माणूस तुमच्या-आमच्यासारखाच ओरडतो. आईबापांकडे एकेक खराब प्रत असेल आणि मुलाला नेमक्या दोन्ही खराब मिळाल्या, तरच हे घडते. आणि तसे आईबाप असले तरी दर वेळी शक्यता चारात एक. नात्यात लग्ने होत गेली की एकाच पणज्याची खराब प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. पाकिस्तानातल्या त्या कुटुंबांत तसे झाले होते. आपल्याकडेही मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत कितीतरी जातींत आहे. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात तिचा ऊहापोह केला आहे. मामाची मुलगी केली म्हणजे असे मूल होतेच असे मुळीच नाही. हा रोग फार फार दुर्मिळ आहे. पण घराण्यात पूर्वी असे मूल झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

या रोगाची याहून जीवघेणी एक जात आहे. तिच्यात ठिणगी न पडण्याचा प्रश्नच नसतो. दुखण्याची तार मुळात टाकलेलीच नसते. या मुलांना दुखत नाही आणि घामही येत नाही. घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर जायला वाट नाही. साध्या उन्हाळ्याने ताप चढतो, आणि यांतली काही मुले तेवढ्याने पहिल्या दोन-तीन वर्षांतच दगावतात. १९६३ साली दोन भावांमध्ये ही जात प्रथम वर्णिली गेली. तिचे कारण सापडायला १९९६ साल उजाडले. ते जपानच्या यासुहिरो इंदो यांनी शोधले. पण त्या कारणाचा धागा मागे जातो तो इटलीतल्या एका निजायच्या खोलीत.

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ही तुरीन शहरातली तरुण ज्यू डॉक्टर. १९३८ साली मुसोलिनीने ज्यूंना विद्यापीठांतून हाकलले. बाई घरी बसल्या, पण नुसत्या बसल्या नाहीत. निजायच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडला, शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारे केली, आणि कोंबडीच्या अंड्यातल्या जिवाचे मज्जातंतू कसे वाढतात ते पाहू लागल्या. बाँब पडू लागल्यावर कुटुंब खेड्यात गेले, तिथेही हे चालूच. शेतकऱ्यांकडे सायकलवरून जाऊन त्या अंडी मागत. लहान मुलांना पौष्टिक म्हणून हवीत असे सांगत. प्रयोग झाल्यावर उरलेल्या अंड्यांची ऑम्लेटे होत; भावाला हे कळले त्या दिवसापासून त्याने ती खाणे सोडले! युद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या, आणि तिथे त्यांना मज्जातंतूंना जगवणारे, वाढवणारे एक द्रव्य असल्याचे आढळले. त्याबद्दल स्टॅनली कोहेन यांच्यासह १९८६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आईच्या पोटात बाळाचे दुखण्याचे तंतू या द्रव्याच्या आधाराने जगतात. ते द्रव्य ओळखणारा भागच ज्यांच्यात बिघडलेला असतो, त्या बाळांचे तंतू जन्मापूर्वीच सुकून जातात. घाम न येणारी मुले ती हीच. २०१२ साली बाई वारल्या तेव्हा १०३ वर्षांच्या होत्या.

हे सारे वाचताना माझा धंदा मला सोडीत नव्हता. मराठीत दुखण्याला शब्द किती आहेत पाहा. गळू ठसठसते, डोळे चुरचुरतात, मिरची झोंबते, काटा सलतो, दाढेतून सणक जाते, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, भाजलेले हुळहुळते, डोके ठणकते. ठसठसणारे चुरचुरत नाही आणि सलणारे झोंबत नाही. आमच्या आज्यांनी हे शब्द अलंकारासाठी केले नव्हते. वैद्याला घरबसल्या रोग कळावा इतके ते नेमके आहेत. आणि या सर्वांच्या डोक्यावर संस्कृतातून आलेला 'वेदना' हा शब्द. त्याचा धातू 'विद्', म्हणजे जाणणे. वेद, विद्या, विद्वान यांच्या घरातलाच हा शब्द. पाली ग्रंथांत तर सुखाची, दुःखाची आणि दोन्ही नसलेली अशा तिन्ही जाणिवांना वेदनाच म्हणतात. वीस वर्षे मी ही व्युत्पत्ती फळ्यावर लिहून देत आलो. खडू खाली ठेवला की विसरत आलो. आईचे 'पाय कापसावर ठेवल्यासारखे' हे त्याच शब्दकोशातले होते. फक्त ते दुखण्याचे नव्हते, जाणीव निघून चालल्याचे होते, म्हणून मला वाचता आले नाही.

आपल्या देशात ही गोष्ट ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि जगाला सांगितली, ते डॉक्टर पॉल ब्रँड. जन्म १९१४, तामीळ मुलखातल्या कोल्ली डोंगरांत, आईबाप मिशनरी. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया करीत. तेथे महारोग्यांचे हात त्यांच्यासमोर येत, बोटे झडलेले. महारोग हा काही जन्मजात किंवा आनुवंशिक रोग नव्हे, जंतूंचा आहे आणि आज औषधाने पुरता बरा होतो. पण तो मज्जातंतू बधिर करतो. बोटे रोगाने गळून पडतात अशीच तेव्हा समजूत होती. एके दिवशी ब्रँड एका कोठीचे गंजलेले कुलूप उघडू पाहत होते, किल्ली फिरेना. एक दहा वर्षांचा किडकिडीत रोगी मुलगा आला आणि त्याने ती सहज फिरवली. ब्रँड चकित झाले. मग त्यांना जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते. त्याला पत्ताच नव्हता! त्यावरून ब्रँड मागावर लागले, आणि बोटे रोग खात नाही, रोजचे जिणे खाते, हे त्यांनी दाखवून दिले: गरम भांडे, कुदळीचा दांडा, चपलेतला खिळा. रोग्यांना सकाळी उठल्यावर बोटांवर कुरतडल्याच्या खुणा दिसत. रात्री उंदीर येत होते. ब्रँडनी त्यांना मांजरे पाळायला लावली. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोड्याजवळ आनंदवन वसवले. शेती आणि कारखाने करणारे तिथले हातही असेच बधिर हात होते, हे आता ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल निराळे वाटू लागते.

पुढे अमेरिकेत ब्रँडनी कृत्रिम वेदना तयार करायचा घाट घातला. हातमोज्यांत दाब मोजणारी यंत्रे बसवली. धोका झाला की कानात सूचना वाजे. रोगी ती ऐकत आणि काम पुढे चालू ठेवीत. मग अंगावर जिथे जाणीव शाबूत असेल तिथे विजेचा झटका बसेल अशी योजना केली. झटका बसे, पण एखादे काम करायचेच असले की माणसे यंत्राची कळ बंद करून ते करीत आणि पुन्हा चालू करीत. खूप पैसा, खूप वर्षे घालवून ब्रँडनी तो नाद सोडला. आपल्या दुखण्याची कळ आपल्या हातात दिलेली नाही, याबद्दल देवाला मी पूर्वी पुष्कळ दूषणे दिली आहेत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर एकांगी होईल. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाला दुखण्याचे गुण ऐकवणे हा उद्धटपणा आहे. त्याच्यासाठीच शास्त्रज्ञ या न दुखणाऱ्या मुलांकडे आशेने पाहत आले. ते एक दार औषधाने बंद केले की काम झाले, असे २००६ साली वाटले. तसे झाले नाही. त्या दारावरची औषधे माणसांवर फारशी चालली नाहीत. लंडनच्या जॉन वुड यांच्या मंडळींना एक कारण मिळाले. दार नसले की शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये जास्त तयार करते. अफूचा अंमल उतरवणारे एक औषध आहे, नॅलोक्सोन. ते २०१५ पूर्वी त्यांनी अशा एका ३९ वर्षांच्या बाईला टोचले आणि हातावर उष्णतेचा किरण सोडला. चाळिशीला आलेल्या त्या बाईला जन्मात पहिल्यांदा दुखले. शेजारच्या दुसऱ्या दारावर, १.८ क्रमांकाच्या, चालणारे सुझेट्रिजिन नावाचे औषध मात्र तयार झाले आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. अफूच्या जातीचे नसलेले ते वेदनाशामक आहे.

स्कॉटलंडमधल्या एका बाईंची हकिकत २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्या पासष्टी गाठेपर्यंत आपण वेगळ्या आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते. हाताची शस्त्रक्रिया झाली, ती फार दुखते म्हणतात. बाईंनी काही मागितले नाही, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना संशय आला. त्यांच्यातली चूक निराळ्याच जनुकाशी आहे. त्यांना चिंताही फारशी वाटत नाही. स्वयंपाक करताना हात भाजला तर कातडे जळल्याचा वास आला की कळते म्हणतात. त्यांचे नाक शाबूत आहे. म्हणून असेल, त्या सुखरूप राहिल्या.

पण मुलांच्या आईबापांना नाक-कान-डोळे सगळे आपलेच वापरावे लागतात. अशा घरांतल्या रीती वाचल्या. बाळाचे दुधाचे दात काढून टाकतात, जीभ वाचावी म्हणून. डोळे चोळून बुबुळाला इजा होऊ नये म्हणून झोपताना गॉगल बांधतात, हातांना मोजे घालतात. मूल रडत नाही म्हणून धावून जातात. आणि रोज रात्री त्याला उजेडात उभे करून टाळूपासून तळव्यापर्यंत न्याहाळतात: कुठे सूज, कुठे डाग, कुठे ऊन लागते का.

हे वाचले त्या रात्रीपासून आमच्या घरी एक नवा परिपाठ सुरू झाला. रात्रीची जेवणे झाली की आई पलंगावर पाय लांब करून बसते. चिरंजीव टॉर्च धरतात, मी दाढीचा आरसा तळव्यांखाली धरतो. बोटांच्या बेचक्या पाहायच्या, टाच पाहायची, चपला उलट्या करून आत हात फिरवायचा. पहिल्या महिन्यात आईला याचा फार संकोच वाटे. मुलाने आईच्या पायाशी बसावे हे ठीक, पण आरसा कशाला, म्हणे. आता ती स्वतःच हाक मारते, "अरे, आज पाय राहिले ना बघायचे!"

परवा डाव्या टाचेवर एक लाल रेघ दिसली. नव्या चपलेचा पट्टा घासला होता. चपला त्याच रात्री कोनाड्यात गेल्या. आईला मी विचारले, "इथे काही वाटतं का?"

तिने डोळे मिटले, बराच वेळ विचार केला.

"नाही रे. तू बोट ठेवलंयस का तिथं?"

मी ठेवले होते.

या वर्षी आकाशकंदील घरातच झाला आहे. झिरमिळ्या खळीने चिकटवल्या आहेत. वाऱ्याने दोन गळून पडल्या, चिरंजीवांनी पुन्हा चिकटवल्या. टाचण्यांची डबी मी कॉलेजात नेऊन टेबलाच्या खणात ठेवली आहे.